‘आभाळ निरभ्र होतं, तरी लक्षद्वीप का दाखवलं नाही?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण ‘वादळाचं निमित्त करून लातूरच्या एजंटानं आणि क्रूझ कंपनीनं मिळून फसवलं’ असं लिहिलंत आणि तेव्हापासून जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू आहेत, म्हणून उत्तरही इथंच सगळ्यांसमोर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईहून लक्षद्वीपला जायचं ठरलेलं जहाज तिथल्या अगत्ती बेटाला गेलंच नाही, गोव्यात जास्त थांबून परत फिरलं. आभाळ स्वच्छ होतं. मोबाईलवरच्या नकाशात वादळ लांब दिसत होतं, त्याला अजून नावही नव्हतं. अमेरिकेत असं चालत नाही. सबब पूर्ण पैसे परत द्या.

आधी नावाचं. आपल्या भागातल्या समुद्रांवरच्या चक्रीवादळांना दिल्लीचं हवामान खातं नाव देतं, 13 देशांनी मिळून केलेल्या यादीतून. पण वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरपर्यंत गेल्याशिवाय बारसं होत नाही. 31 ते 49 असेल तर ते डिप्रेशन, 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन. तुमच्या सफरीच्या वेळी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात, म्हणजे लक्षद्वीपच्याच बाजूला, डिप्रेशन होतं. नाव नाही म्हणजे धोका नाही, हे निदान आपण लातूरकरांनी तरी म्हणू नये. सप्टेंबर 2021 मधलं ‘गुलाब’ आठवा. आंध्रच्या किनाऱ्यावर आदळून, तेलंगणा ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत त्याचा वारा पार ओसरला होता, चक्रीवादळ म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मांजरेच्या काठची काढणीला आलेली सोयाबीन पाण्यात गेली. पुढं तीच प्रणाली अरबी समुद्रात उतरली, पुन्हा जोर धरला, ‘शाहीन’ नाव घेतलं आणि ओमानवर जाऊन धडकली.

आता निरभ्र आभाळ. अगत्तीला एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, सर. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या कुशीतलं खालचं दार उघडतात, लहान बोटी येऊन चिकटतात आणि एकेका माणसाला हाताला धरून बोटीत उतरवतात. लांबच्या वादळानं उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर चालत येतात. वर ऊन पडलेलं असतं, वारा नसतो, आणि खाली ती बोट आत्ता दाराशी असते, दुसऱ्या क्षणी माणूसभर खाली. तरणा माणूस अंदाज घेऊन पाय टाकेल. तुमच्या गटात काठी घेऊन चालणारी ज्येष्ठ मंडळी होती. त्यांना त्या दारातून उतरवण्यापेक्षा तुमचा एक तारा मला परवडला. मोबाईलच्या नकाशावर तुम्ही वादळाचा मध्य पाहिलात. उसळणाऱ्या लाटांचा इशारा वेगळा असतो आणि तो हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था काढते. पुढच्या वेळी तोही बघत चला.

अभिप्रायासोबत तुम्ही गोव्याचा फोटो जोडलाय, आभाळ किती निळं होतं ते दाखवायला. त्याच फोटोत तुमच्या खांद्यामागं पाहा. मासेमारीचे ट्रॉलर ओळीनं बांधून ठेवलेत. ऐन हंगामात, चांगल्या उन्हात, ज्यांचं पोट समुद्रावर आहे ती माणसं होड्या बांधून बसली होती.

मार्ग बदलायचा निर्णय ना माझा, ना कंपनीच्या मुंबई ऑफिसचा. सागरी सुरक्षेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. सुरक्षिततेसाठी कॅप्टनला जे योग्य वाटेल त्यात जहाजाच्या मालकानंही आडवं यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ‘चार दिवस आधी एजंटाला माहीत असणारच’ असंही तुम्ही लिहिलंत. चार दिवस आधी फक्त शक्यता होती आणि ती मी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकली होती. त्यापुढं खात्री कोण देणार? 2019 मध्ये ‘महा’ लक्षद्वीपवरून वायव्येला गेलं आणि भर समुद्रात उलटं वळून गुजरातकडं निघालं. 2023 चं ‘बिपरजॉय’ 6 जूनला तयार झालं आणि 15 जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. तेवढे दिवस सगळा पश्चिम किनारा टांगणीला. जहाज वादळापेक्षा वेगानं चालतं, त्यामुळं त्याला वळसा घालता येतो. तुम्हाला उलट्या झाल्या नाहीत, रात्री गाण्याचा कार्यक्रम नीट ऐकता आला, तो त्या वळशामुळंच.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं हे रोजचं आहे. अटलांटिकमधल्या वादळांचा, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘हरिकेन’चा, हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, सगळ्यात जोर 10 सप्टेंबरच्या आसपास. मायामीचं हरिकेन केंद्र वादळाच्या पुढच्या 5 दिवसांच्या वाटेचा शंकू काढतं आणि वादळाचा मध्य साधारण तीनपैकी दोन वेळा त्याच्या आत राहतो. म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेरही जातो! त्या दिवसांत कॅरिबियन समुद्रातल्या पूर्वेकडच्या बेटांची तिकिटं काढलेले लोक मेक्सिकोच्या बाजूला उतरतात. तिथल्या कंपन्यांच्या अटींतही बंदर बदलण्याचा हक्क राखलेला असतो.

पैशाचं. अगत्तीचं बंदर शुल्क कंपनीनं परत केलंय, ते तुमच्या खात्यावर वळतं केलंय. बाकी भाडं परत मिळणार नाही. खोली, जेवण आणि प्रवास तुम्ही पूर्ण घेतलात, आणि बंदर बदलू शकतं ही अट बुकिंगच्या कागदावर मराठीत लिहून मी सही घेतली होती. आमचं सेवा शुल्कही मी सोडणार नाही. तेवढ्यासाठी सोडलं तर उद्या प्रत्येक वादळाचं बिल लातूरच्या या दुकानावर फाटेल.

एक गोष्ट मात्र बुकिंगच्या वेळी सांगितली होती, तीच पुन्हा सांगतो. अरबी समुद्रात वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर जहाजाची मजा म्हणून जावं, बेटावर भिस्त ठेवू नये. बेटच पाहायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा. तेव्हा मुलांच्या शाळा असतात हे मान्य, पण समुद्राला शाळेचं वेळापत्रक कळवायची सोय नाही.

बंदर शुल्काची पावती ऑफिसात काढून ठेवलीय, येता-जाता घेऊन जा. आणि गटातल्या बाकी दोन कुटुंबांच्या पावत्याही तुमच्याकडंच देतो, त्यांनी तसं सांगितलंय.