पायडल कुणी कुणाला दिलं?

त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पायथ्याशी चहाला थांबलं की कुणीतरी मोबाइल काढतोच. गेल्या रविवारी निघाला तो फॉरवर्ड मला पंधरवड्यात चौथ्यांदा आला होता. थोडक्यात असा: ‘सायकलिंगचे सगळे शब्द आपलेच! सायकल आली चक्रावरून, पेडल पायावरून, पेलोटॉन पलटणीवरून, ब्रेव्हे म्हणजे ब्रेव्ह, आणि अमेरिकेतल्या रॅम शर्यतीला नाव प्रभू रामाचं. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ अभिमान मलाही आहे, पण पाठवणार नाही. का ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे दर रविवारी चहा गार व्हायला नको.

चक्राचं आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. इंग्रजीतला ‘सायकल’ हा शब्द ग्रीक ‘कुक्लोस’वरून लॅटिनमार्गे आला. संस्कृत ‘चक्र’ आणि ग्रीक ‘कुक्लोस’ ही त्याहून जुन्या एकाच शब्दाची नातवंडं. इंग्रजी ‘व्हील’सुद्धा त्याच घरातलं. म्हणजे नातं आहे, पण चुलत. चक्र हा सायकलचा बाप नव्हे. आता पुढची गंमत बघा. ‘बायसिकल’मधला ‘बाय’ लॅटिन, आणि तो आपल्या ‘द्वि’चा चुलतभाऊ. १८६०च्या दशकात युरोपातल्या लोकांनी या यंत्राला ‘बायसिकल’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी न कळत ‘द्विचक्र’ असंच म्हटलं. एवढं हाताशी असताना ‘आपल्याकडून उचललं’ ही ओरड कशाला, मला कळत नाही.

पेडलचीही तीच कथा, फक्त उलट्या बाजूने. लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे ‘पेस’, त्याचं ‘पेड-’ हे रूप आपल्या ‘पद’, ‘पाद’ यांचं भावंड. त्यावरून इटालियन ‘पेदाले’, मग फ्रेंच, मग इंग्रजी. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो चर्चमधल्या ऑर्गनच्या पायपट्टीसाठी. सायकलचा तेव्हा पत्ताच नव्हता. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसने दुचाकी बनवली तिलाही पेडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. पेडल बसलं ते १८६०च्या दशकात. मग पेडल आपल्याकडे आलं आणि आपण त्याचं ‘पायडल’ केलं. ‘पायडल मार की जोरात’ हे कुणीही शिकवलेलं नाही. पाय दिसला म्हणून पाय घातला, आणि तो नेमका जिथे आधीपासून पायच होता तिथे जाऊन बसला! ही करामत मराठीची, पण देणारे आपण नाही, घेणारे आहोत.

पलटणीची दिशा तर साफ उलटी आहे. ‘पलोत’ म्हणजे फ्रेंचमध्ये चेंडू, गुंडा. त्यावरून ‘पेलोटॉन’ म्हणजे गोळा, मग घोळका, मग सैनिकांची तुकडी. शर्यतीत एकत्र जाणाऱ्या सायकलस्वारांच्या घोळक्यालाही पेलोटॉनच म्हणतात. इंग्रजी ‘प्लाटून’ त्याचंच रूप. आपली ‘पलटण’ युरोपियन फौजांबरोबर इकडे आली. ती बटॅलियनवरून की प्लाटूनवरून, एवढाच कोशकारांचा वाद. अस्सल आपला शब्द हवा असेल तर नाशिक ते पंढरपूर सायकलवारीत जा. तिथे घोळक्याला दिंडी म्हणा, कुणी कोश उघडणार नाही.

ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं, झटक्यात सांगतो. ते फ्रेंच ‘ब्रेव्हे’, म्हणजे प्रमाणपत्र. मूळ लॅटिन ‘ब्रेविस’, आखूड, म्हणजे छोटा कागद. शौर्याशी काही संबंध नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का. घामाने भिजलेलं ते कार्ड पिशवीतून काढताना मला तरी शूर वाटलेलं नाही. शूर शोधायचा तर अशा फेऱ्यांचं दुसरं नाव ‘ऑडॅक्स’ घ्या, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच धाडसी. १८९७ मध्ये इटलीतले काही सायकलस्वार रोम ते नेपल्स हे २३० किलोमीटर उजाडल्यापासून मावळेपर्यंत गेले, तिथून हा शब्द रुळला.

राहिला राम. ‘रॅम’ म्हणजे ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ची आद्याक्षरं. १९८२ साली पहिल्यांदा चौघांनी ती केली तेव्हा नाव वेगळंच होतं, ‘ग्रेट अमेरिकन बाइक रेस’. सांता मोनिकाहून न्यूयॉर्कपर्यंत. पंचवटीत राहणाऱ्याला रॅम ऐकून राम आठवणं स्वाभाविक आहे, मलाही आठवतो. पण नाशिकचा या शर्यतीशी खरा संबंध आहे तो सांगा ना! २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी एकट्याने केली, तेही नाशिकला नेमणुकीवर असताना. फॉरवर्डमध्ये यातला एकही नाही.

आणि ज्याने ही यादी केली, त्याने सायकलच्या दुकानात पाऊल टाकलेलं दिसत नाही. दुकानाबाहेर पाटी असते, ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’. तो शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. मुळात जहाजावरचा, दोर ओढून सैल करण्याचा. आमच्या गल्लीतल्या कारागिराला मी हे एकदा समजावून सांगितलं. त्याने पुढचा चिमटा सोडवून ठेवला होता, छर्रे रॉकेलच्या वाटीत बुडवले होते, आणि एकेक बोटाने चोळून कागदावर मांडत होता. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, ‘‘दादा, हॉल बिल असू द्या, पण शेवटी तेल घालायचं का नाही?’’