बोरन्हाणाचा फोटो नेमका कुणाचा?

नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला: ‘मुलांच्या फोटोंचा कॉपीराइट आईवडिलांचा असतो. फेसबुकवर टाकला की तो कंपनीचा होतो. वाचवायचा असेल तर खालचा मजकूर आपल्या वॉलवर टाका.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

‘मूल आमचं, म्हणून फोटो आमचा’ हे पटकन पटतं. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा फोटोत कोण आहे ते विचारतच नाही, काढला कुणी ते विचारतो. लेक हलव्याचे दागिने घालून पाटावर बसलीय, आई डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततेय आणि मावशीने मोबाइलवर फोटो काढला, तर कॉपीराइट मावशीचा. (लेकीनेच सेल्फी काढला तर तिचा, कायद्यात वयाची अट नाही.) पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल तर मात्र गणित उलटतं. कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर हक्क पैसे देऊन काम सांगणाऱ्याचा. ‘काढले मी, म्हणजे माझेच’ असं कित्येक फोटोग्राफरही छातीठोकपणे सांगतात. म्हणून बुकिंगच्या पावतीमागचा बारीक मजकूर आधी वाचा. फोटो जाहिरातीत वापरण्याची मुभा तिथे गुपचूप घेतलेली असेल तर सही करण्याआधी ती ओळ खोडायला लावा. स्नेहसंमेलनाला शाळेने पैसे देऊन माणूस लावला असेल, तर त्या फोटोंवर पालकांचा कॉपीराइट नाही.

फेसबुक मालक होतं, हेही खोटं. त्यांच्या अटींतच मालकी तुमची राहते असं लिहिलंय. आपण देतो तो वापराचा परवाना. पण तो किरकोळ नव्हे. जगभर चालणारा, फुकट, आणि पुढे दुसऱ्यालाही देता येणारा.

वॉलवरच्या मजकुराने काहीच होत नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी नंतर एकतर्फी पोस्ट टाकून बदलत नाहीत. त्यात बऱ्याचदा ‘रोम संविधी’चा दाखला असतो. तो करार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा, म्हणजे वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांचा. बोरन्हाणाशी त्याचा काय संबंध?

पालकांची खरी काळजी खासगीपणाची असते, आणि तिथे कॉपीराइट हे हत्यारच चुकीचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे, पण घरगुती, वैयक्तिक वापर त्या कायद्याबाहेर ठेवलाय. म्हणजे मावशीने स्टेटसला टाकलेला फोटो काढायचा तर मावशीलाच फोन करावा लागणार.