घरात बीएस्सी एकच असलं की...

भाच्याच्या नववीच्या बीजगणितात बहुपदी आली की मी बीएस्सी आहे, हे आमच्या शिवाजी पेठेतल्या घराला एकदम आठवतं. एरवी ती पदवी कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत असते. "वन्सं, तुम्हीच बघा, माझा कुकर व्हायचाय," म्हणत वहिनी आत गेली. दादा तर पुस्तक दिसताक्षणी मटण आणायला बाहेर पडला. कोल्हापुरात रविवारी ही सबब कुठंही चालते. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच गावातच आलंय, तिथंसुद्धा टिकेल.

तशी बहुपदी, म्हणजे तीन क्षवर्ग अधिक दोन क्ष अधिक पाच असली राशी, गुणी. चलाचा, म्हणजे क्षचा, घातांक ०, १, २, ३ असा पूर्ण संख्येत हवा, एवढीच तिची अट. त्यामुळं क्षचं वर्गमूळ चालत नाही, छेदात क्ष चालत नाही. सहगुणक, म्हणजे क्षला गुणणारा आकडा, मात्र दोनाचं वर्गमूळ असला तरी कुणी हटकत नाही. सगळ्यांत मोठा घातांक ती कोटी. इथवर भाचा मान डोलवत होता. मला वाटलं, रस्सा उकळायच्या आत सुटले.

"आत्ती, नुसत्या पाचाची कोटी शून्य?"

"हो. पाच म्हणजे पाच गुणिले क्षचा शून्यावा घात."

"मग शून्याची?"

"ती ठरवता येत नाही."

"का?"

ह्या 'का'नं माझा रविवार खाल्ला. शून्य गुणिले क्ष म्हणजे शून्य, शून्य गुणिले क्षचा शंभरावा घात तोही शून्यच, मग कुठला घातांक धरणार, असं मी विचारलं. "सगळ्यांत बारका धरायचा की!" पोरगं तयार होतं. शेवटी गुणाकारावर आले. कोटी दोनच्या बहुपदीला कोटी तीनच्या बहुपदीनं गुणलं की कोटी पाच येते, कोट्यांची बेरीज. आता शून्याची कोटी शून्य धर आणि त्यानं कोटी तीनच्या बहुपदीला गुण. नियमानं कोटी तीन यायला पाहिजे, आणि हातात उरतं नुसतं शून्य! दुसरा कुठलाही आकडा धर, हिशेब बसत नाही.

झोपाळ्यावरून आप्पा म्हणाले, "एवढं वाकडं असंल तर ऑप्शनला टाक की बाळा."

टाकलं असतं तर बरं. पण मलाच चेव आला आणि पुस्तकात नसलेलं सांगायला बसले. त्रिघाती, म्हणजे कोटी तीनची बहुपदी कुठंतरी शून्य होतेच. तिच्या आलेखाचं एक टोक खोल खाली, दुसरं उंच वर, आणि मधे आलेख ना तुटतो ना उडी मारतो. अक्ष ओलांडावाच लागतो.

"कशावरनं?"

"पंचगंगेचं राजाराम बंधाऱ्यावर पाणी सोमवारी ३८ फूट, गुरुवारी ४४. मग ३९ ची इशारा पातळी लागली का नाही? ४३ ची धोका पातळी?"

"लागणारच की!"

२०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या गावातल्या पोराला ह्याची सिद्धता लागत नाही. जुलैत आमच्याकडं माणसं तब्येत विचारायच्या आधी फूट-इंच विचारतात.

"आणि द्विघाती?"

"पाणी ४२ ला पोचून ओसरलं तर ४३ लागलीच नाही. द्विघातीला तेवढी मुभा आहे. क्षचा वर्ग अधिक एक, वास्तव संख्यांत कधीच शून्य होत नाही."

आप्पा झोपाळा थांबवून ऐकायला लागले होते. तेवढ्यात वहिनीनं आतूनच विचारलं, "संश्लेषक भागाकार झाला का? परीक्षेला तोच येतो म्हणे."

तो, म्हणजे बहुपदी भागायची झटपट रीत, काढलाच नव्हता. जेवण झाल्यावर बघू म्हटलं. आणि तांबडा-पांढरा ओरपल्यावर कोल्हापुरात 'जेवण झाल्यावर' म्हणजे साडेपाच, तेही चहा वेळेवर मिळाला तर.