‘दोन तारे, तेही समोरच्या समुद्रासाठी’ या अभिप्रायाला संग्रहालयाकडून उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारी आपण सहकुटुंब विजयदुर्गला आलात आणि परतल्यावर आमच्या संग्रहालयाविषयी सविस्तर अभिप्राय लिहिलात. साठ रुपयांचे तिकीट काढून जेमतेम तीन खोल्या पाहायला मिळाल्या, त्यातही निम्मा वेळ वीज नव्हती, मराठ्यांचे आरमार पाहायला आलेल्यांना तिवरे आणि खेकडे दाखवले गेले, आणि ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ हा साऱ्या कोकणाचा अभिमान आमच्या मार्गदर्शकाने आपल्या मुलांसमोर हसण्यावारी नेला, असे आपले म्हणणे आहे. यांपैकी शेवटचा आक्षेप मला सर्वांत जिव्हारी लागला, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मार्गदर्शक हसला, ही चूक झाली. आपल्या दहा वर्षांच्या मुलाने शाळेत ऐकलेली गोष्ट उत्साहाने सांगितली, तेव्हा हसण्याऐवजी त्याला फलकाजवळ नेऊन सगळा क्रम समजावून द्यायला हवा होता. त्या मुलाची आणि आपलीही मी मनापासून क्षमा मागतो. मात्र फलकावरचा मजकूर मागे घेता येणार नाही, आणि त्याचे कारण आपल्याला मोकळेपणाने सांगणे मला भाग आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, त्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सन आंध्रातील गुंटूर येथे दुर्बीण लावून बसले होते. ज्यांचे नाव आपल्या किल्ल्याशी जोडले जाते ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते. त्यांनी सौरज्वाळांचा वर्णपट प्रथम पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडमध्ये आणि ग्रहण नसताना. त्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरूनच पुढे हेलियमचे नाव आले. रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांना हा वायू पृथ्वीवर एका खनिजात सापडला तो १८९५ साली. लॉकयर विजयदुर्गला आले होते, यात शंका नाही, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. इंग्रजी युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी येथे निरीक्षणाचा तळ उभारला आणि त्याचा वृत्तान्तही प्रसिद्ध केला. गडावरच्या ज्या चौथऱ्यांना आपण ‘साहेबाचे ओटे’ म्हणतो, त्यांचा मेळ बसतो तो या तळाशी. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी लोकांच्या बोलण्यात एक झाल्या, इतकेच. दर वर्षी १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन होतो, तेथे आम्हीही हौसेने जातो आणि दुर्बीण घेऊन जातो. परंतु भिंतीवर काही लिहायचे म्हटले की ते उद्या कोणी कागद घेऊन विचारायला आले तरी टिकले पाहिजे. याच न्यायाने फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच बंदरात जळाले, तेव्हा वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या बाजूने पेशव्यांचे सैन्यही होते, हे आम्ही लिहिले आहे. त्यावरूनही आम्हाला बोल ऐकावे लागतात.

आता तिवरे आणि खेकडे. ‘मत्स्यालय काढायचे तर वेगळे काढा’ असे आपण लिहिले आहे. ही दालने वेगळी काढली तर आरमाराचे दालन पांगळे होईल, असे माझे मत आहे. दुसऱ्या खोलीत खिडकीपाशी तिवराचा एक ओंडका उभा चिरून ठेवला आहे. वीज गेल्यामुळे तो आपल्या नजरेतून सुटला असावा. बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि आत करंगळी जाईल एवढ्या बोगद्यांनी पोखरलेला आहे. प्रत्येक बोगद्याला आतून चुन्याचे पांढरे अस्तर आहे. हे काम एका लांबुळक्या, मऊ जिवाचे, जो दिसतो किड्यासारखा पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. खाडीतल्या लाकडावर तो वाढतो, आणि पाण्यात उभ्या असलेल्या जहाजाचा तळही त्याला तितकाच चालतो. तीन डोलकाठ्यांची गुराब, म्हणजे आरमारातली मोठी लढाऊ नौका, सुमारे तीनशे टनांपर्यंत भरत असे. एवढे जहाज वाळूत ओढून, कलंडवून तळ साफ करणे सोपे नव्हते.

म्हणून किल्ल्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, वाघोटन खाडीच्या काठी, कातळ खोदून गोदी केली गेली. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तोंड बंद करायचे आणि कोरड्या जागेत तळाची डागडुजी करायची, असे तिचे काम. तिच्यासाठी निवाऱ्याची खाडी, बसायला कातळ आणि भरती-ओहोटीत पुरेसा फरक, हे तिन्ही एकाच जागी लागते. पावसाळ्यातही जहाजांना आसरा मिळेल असे हे बंदर या खाडीने घडवले आहे, आणि चिखल धरून ठेवून काठ सांभाळणारी तिवरे व कांदळ हा त्याच बंदराचा भाग आहे. निवटी (चिखलात राहणारे मासे) आणि कुर्ल्या (खेकडे) कशासाठी, हे मात्र फलकावर नीट सांगितलेले नाही, हे मान्य. तो मजकूर जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासारखा झाला आहे. तो बदलून घेतो.

तिकिटाविषयी थोडक्यात. किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून पुष्कळांना आमचे संग्रहालयही सरकारी आहे असे वाटते. तसे ते नाही. आम्हाला कोणतेही अनुदान नाही, आणि तिकिटाचा पैसा मुख्यतः खाऱ्या हवेशी झगडण्यात जातो. पहिल्या खोलीतला तोफगोळा पाहिलात का? दोन पावसाळे तो उघड्यावर ठेवला, तर त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागले. आता तो बंद पेटीत आहे आणि पेटीतली आर्द्रता शोषणारी पुडी नियमाने बदलावी लागते. वीज गेल्यावर मात्र निदान दिवे सुरू राहतील एवढी सोय हवीच होती. ती पावसाळ्यापूर्वी होईल, आणि तोवर अंधारात राहिलेल्या पाहुण्यांकडून तिकीट घ्यायचे नाही असे मी सांगून ठेवले आहे. आपले पैसे कसे परत करायचे ते कृपया कळवावे.

पुन्हा येणे झाले तर गोदी ओहोटीच्या वेळी पाहावी. भरतीत ती साध्या खाजणासारखी दिसते. वेळा आमच्या फाटकावरच्या फळ्यावर रोज खडूने लिहिलेल्या असतात. आपल्या मुलाला ओट्यांपाशी मी स्वतः घेऊन जाईन.

आपला नम्र,
संग्रहालयाचा चालक,
विजयदुर्ग