म्हणे, ओ पॉझिटिव्ह ढीगभर आहे!

गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रक्तदात्यांत ओ आणि बी पॉझिटिव्हवालेच जास्त, त्यांचं रक्त पेढीत पडून राहतं. ओ तर सगळ्यांनाच चालतं. म्हणून शिबिराला निगेटिव्हवाल्यांनीच जावं, असा त्याचा सूर.

दाते जास्त हे खरं. पण रुग्ण कुठून येतात? बांबोळीच्या सरकारी इस्पितळातली बाळंतीण किंवा महामार्गावर आपटलेला पोरगा याच गावांतला. ज्या गटाचे दाते जास्त, त्याच गटाचे रुग्णही जास्त. शिवाय पेढीत तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. चवथीला घरोघर गणपती असताना शिबिराला कोण फिरकतं? मग आधीचा ढीग किती दिवस पुरणार!

शिबिरातल्या यादीवरून गोव्यातल्या रक्तगटांचं प्रमाण काढणंही चुकीचं. ती मोजणी पिशव्यांची, माणसांची नव्हे. निगेटिव्ह दात्याला फोन करून बोलावतात, तोच माणूस वर्षात तीनदा मोजला जातो. (बायका कमी येतात म्हणून आकडे फिरतात, हाही गैरसमज. ए, बी, ओ ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं आरएचचं पहिल्यावर; बाई-पुरुष ठरवणारी गुणसूत्रं वेगळीच. रक्तगटाला बाई-पुरुष कळत नाही.)

‘ओ सगळ्यांना चालतं’ हे मात्र धोक्याचं. आरएच निगेटिव्ह मुलीला ओ पॉझिटिव्ह दिलं तर तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढे गरोदरपणी ती बाळाच्या रक्तपेशींवर उठतात. ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं म्हणतात, तो मोठेपणाही तांबड्या पेशींपुरताच. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, सर्वांना चालतो तो एबीचा. आणि 1952 साली डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट? साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही. पेशींसोबत सीरमही (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) तपासलं आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहणं, नीट केलं, तरच तो सापडतो.

राहिला शेवटचा सल्ला, तो तर चक्क उलटा. आणीबाणीसाठी थोडं ओ निगेटिव्ह साठ्यात लागतंच. पण एबी निगेटिव्हवाल्याने आज शिबिरात रक्त दिलं आणि त्या मुदतीत त्या गटाचा रुग्णच आला नाही, तर पिशवी टाकावी लागू शकते. पुरुष असेल तर पुढचे तीन महिने, बाई असेल तर चार महिने पुन्हा देता येत नाही. अशांनी रक्तपेढीत नाव आणि फोन नोंदवून ठेवावा, बोलावलं की जावं. रविवारच्या शिबिराची रांग ओ आणि बी पॉझिटिव्हवाल्यांनीच भरायची आहे.