शून्यं जोडून रिझोल्यूशन वाढत नाही

मोटरच्या करंटचं एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी किती आहेत हे दाखवणारं गणित) काढणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. भाचीच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही तो आला आणि सगळ्यांनी तो मुकाट्यानं मान्य केला. त्यात चार दावे आहेत: नोंद छोटी असेल तर पुढे शून्यं जोडा, रिझोल्यूशन (जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या दिसण्याची क्षमता) वाढतं; पीकची उंची म्हणजेच अ‍ॅम्प्लिट्यूड; आलेखाचा उजवा अर्धा भाग कचरा; सॅम्पलिंग (सिग्नलचं ठरावीक दरानं मोजमाप) फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट वेगानं केलं की पुरे.

पहिला दावा सर्वांत घातक, कारण त्याच्या भरवशावर तुटलेला रोटर बार (मोटरच्या फिरत्या भागातली धातूची कांडी) ‘ठीक’ ठरतो. चार पोलची मोटर 1470 आरपीएमवर चालली असेल तर स्लिप (1500 या सिंक्रोनस वेगापेक्षा ती जितकी मागे पडते ते) 2 टक्के. बार तुटला की 50 हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे 48 आणि 52वर, साइडबँड (मुख्य पीकच्या बाजूची छोटी पीक) येतात. सेकंदाला 1000 या दरानं 256 सॅम्पल घेतले, तर नोंद जेमतेम 0.256 सेकंदांची. तिचा बिन (एफएफटीच्या दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर) 3.9 हर्ट्झचा, हॅन विंडो (नोंदीची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली की मुख्य लोब, म्हणजे पीकचा फुगवटा, चार बिन, म्हणजे 15.6 हर्ट्झ रुंद. साइडबँड त्याच्या पोटातच गडप. आता शून्यं जोडून 16384 पॉइंट करा. बिनमधलं अंतर 0.06 हर्ट्झ होईल, पण आलेखात तोच एक फुगवटा, फक्त गुळगुळीत. जो वेळ मोजलाच नाही त्याची माहिती शून्यांतून कुठून येणार?

उपाय एकच, जास्त वेळ नोंदवा. 4 सेकंदांत बिन 0.25 हर्ट्झचा होतो आणि 52चा साइडबँड आठ बिन दूर उभा राहतो. मोटर हलक्या लोडवर असेल, स्लिप 0.5 टक्का, तर साइडबँड 50पासून फक्त अर्ध्या हर्ट्झवर. तिथं 10 सेकंद तरी हवेत. तेवढा वेळ लोड स्थिर हवा, नाहीतर साइडबँड पसरतो. विंडो टाळू नका: विंडोशिवाय पहिला साइडलोब (पीकच्या शेजारचा खोटा उंचवटा) मुख्य पीकच्या फक्त 13 डीबी (डेसिबल) खाली असतो आणि बारीक साइडबँड त्याखाली झाकला जातो.

एवढं मान्य करावं लागेल, की टोन (एका फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) एकटाच असेल तर शून्यं जोडल्यानं त्याच्या पीकची जागा आणि उंची अधिक नेमकी वाचता येते. पण वाचणं वेगळं आणि दोन टोन वेगळे करणं वेगळं.

उंचीबद्दल फ्रेड्रिक हॅरिस यांचा 1978चा विंडोंवरचा लेख पुरेसा आहे. टोन दोन बिनच्या बरोबर मध्ये पडला तर विंडोशिवाय 3.92 डीबी घट, म्हणजे उंची 36 टक्के कमी; हॅनसह 1.42 डीबी. शिवाय नमपाय या पायथन लायब्ररीचं एफएफटी सॅम्पलच्या संख्येनं भागाकार करत नाही. विंडोच्या बेरजेनं भागा, मग दुप्पट करा. डीसी (शून्य हर्ट्झ) आणि नायक्विस्टचा (सॅम्पलिंग दराच्या निम्म्याचा) बिन मात्र दुप्पट करायचा नाही.

उजवा भाग वास्तव सिग्नलसाठी आरसा असतो, म्हणून आरएफएफटी (फक्त डावा भाग देणारं एफएफटी) वापरा. आयक्यू (दोन घटकांच्या, कॉम्प्लेक्स) सिग्नलमध्ये मात्र तो खरी माहिती देतो. तो फेकाल तर निम्मा स्पेक्ट्रम जाईल.

‘दुप्पट पुरे’ हे सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीबद्दल आहे, तुम्हाला हव्या असलेल्या फ्रिक्वेन्सीबद्दल नाही. ग्रिड 49.9 हर्ट्झवर असेल तर एकोणिसावा हार्मोनिक (ग्रिडच्या 19 पट फ्रिक्वेन्सी) 948.1वर येतो. 1000च्या सॅम्पलिंगला तो दुमडून 51.9वर (1000 वजा 948.1) दिसतो, म्हणजे 2 टक्के स्लिपच्या वरच्या साइडबँडच्याच जागी, आणि धडधाकट मोटर सदोष ठरते. दुमडल्यावर सॉफ्टवेअरमधला फिल्टर काहीच करू शकत नाही. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) एडीसीच्या, म्हणजे सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या चिपच्या, आधी हवा. शंका असेल तर 1200 दरानं पुन्हा नोंद घ्या: खोटं पीक 251.9वर सरकेल, खरा साइडबँड जागचा हलणार नाही.