"आंबेडकरांनी फक्त स्वतःच्या समाजाचं बघितलं" म्हणणाऱ्यांसाठी

14 एप्रिल जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो, आंबेडकरांनी फक्त स्वतःच्या समाजाचं बघितलं, मंत्री होऊन बाकीच्यांना काय दिलं. यंदा सोलापूरच्याच ग्रुपवर आला आणि खाली अंगठे पण पडले, म्हणून लिहितोय.

"फक्त स्वतःच्या समाजाचं"? 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले तो लढा माणूस म्हणून जगायचाच होता. आणि खोती (कोकणातली जमीनदारी) बंद करायचं बिल 1937 ला मुंबईच्या कायदेमंडळात आणलं ते कोणासाठी? कोकणात खोताची जमीन कसणारे कुणबी, आगरी, महार सगळेच होते.

"मंत्री होऊन काय दिलं"? 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. कारखान्यातलं आठवड्याचं काम 54 तासांवरनं 48 वर आणणारं बिल 1946 ला त्यांनी मांडलं. आता आपल्या सोलापूरच्या गिरण्या, जुनी मिल, नरसिंग गिरजी, विष्णू-लक्ष्मी आठवा, भोंगा झाला की डबा घेऊन पळणारे पद्मशाली, लिंगायत, मराठा, मुसलमान, आपलेच आजे-पणजे ना? तिकडं मुंबईच्या गिरण्यांत तर धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडानं ओढावा लागायचा, थुंकी लागते म्हणून विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्यांना उभं पण करत नव्हते. ज्यांच्या लोकांना साच्याला (गिरणीतल्या मागाला) हात लावू दिला नाही त्यांनी साच्यावरच्या माणसाचे पण तास कमी केले, हे वाचून तरी फॉरवर्ड करताना हात थांबायला पाहिजे. (आपली पोरं "14 चे 8 तास केले" असं टाकतात ते पण चूकच, 1934 च्या कायद्यात बारमाही चालणाऱ्या कारखान्यांना रोजची मर्यादा 10 तास होतीच. खरं एवढं मोठं असताना वाढवून कशाला सांगायचं?)

बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाला मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला 1928 ला, तो गिरणीतल्या सगळ्याच बायकांसाठी.

राहिलं हिंदू कोड बिल. पोरीला बापाच्या इस्टेटीत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क. ते रखडवलं म्हणून 1951 ला कायदामंत्रीपद सोडलं, दुसरी पण कारणं होती, पण हे मोठं. नंतर 1955-56 ला तुकडे तुकडे करून तेच पास झालं. आज मोहोळ-बार्शीकडं बाप गेल्यावर सातबाऱ्यावर पोरीचं नाव लावायला तलाठ्याकडं अर्ज जातो तो त्या 1956 च्या वारसा कायद्याच्या जोरावर, आणि अर्ज करणारी पाटलाची पण असते, माळ्याची पण, धनगराची पण.